‘घर’, ‘गाठ’ आणि ‘काळजी’ : स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णपरीक्षेतील भाषाप्रश्न

रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयाला शहरात सर्वजण ‘मेकाहारा’ म्हणतात. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूर या शब्दांची पहिली अक्षरे जोडून लोकांनी हे नाव घडविले. प्रादेशिक कर्करोग केंद्र याच रुग्णालयाशी संलग्न आहे. तेथे प्रश्न बहुधा हिंदीत विचारला जातो. उत्तर छत्तीसगढीत येते, आणि ‘मूड़ पिराथे’ म्हणजे डोके दुखते हे परप्रांतीय डॉक्टरला शिकून घ्यावे लागते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात स्थायिक झालेली मराठी घराणीही येथे आहेत. अशा घरातील स्त्री बाजारात आणि कचेरीत हिंदी सहज बोलते, पण देहातल्या वेदनेला तिच्या ओठी शब्द येतो तो बहुधा मराठीच. ग्रंथांच्या अनुवादाचे या नगरीला वावडे नाही. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे येथेच राहिले आणि १९२६ मध्ये येथेच निवर्तले. परंतु रुग्णशय्येजवळ जो अनुवाद क्षणोक्षणी घडत असतो, त्याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

या अनुवादाचे महत्त्व रोगाच्या व्याप्तीवरून ध्यानात येते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. अशा रुग्णाविषयी तीन गोष्टी जाणून घ्याव्या लागतात : तिला, किंवा तिच्या रक्ताच्या नात्यातील स्त्रियांना, धोका किती, आज तिला कोणता त्रास होतो, आणि एकंदरीत तिचे जगणे कसे चालले आहे. पहिल्या दोहोंपैकी काही अंश हाताने, यंत्राने वा सुईने तपासता येतो. उरलेले सारे विचारूनच कळते, आणि जे विचारून कळते ते शब्दांच्या स्वाधीन असते.

धोक्याचा प्रश्न प्रथम घेऊ. ‘तुमच्या घरात कोणाला कर्करोग झाला होता का?’ हा प्रश्न दिसायला निरुपद्रवी आहे. पण विवाहित मराठी स्त्रीचे ‘घर’ म्हणजे सासर. ती विचारपूर्वक सासू, नणंद, जाऊ यांची नावे आठवते आणि ‘नाही’ म्हणते. ज्यांच्याशी तिचे रक्ताचे नाते नाही त्यांच्याविषयीचे हे खरे उत्तर वैद्यकीय कागदावर मात्र खोटे ठरते. प्रश्न माहेराविषयी हवा, आणि तोही आईपुरता नको. १९९४ व १९९५ मध्ये ज्यांचा शोध लागला त्या बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष पित्याकडूनही तितकाच येऊ शकतो. म्हणून मावशीइतकीच आत्याही विचारात घ्यावी लागते. येथे मराठीची संपन्नता उपयोगी पडते, कारण इंग्रजीचा एकच शब्द या दोघींना एकत्र करून टाकतो. उलट ‘बहीण’ या शब्दात मराठी अतिउदार आहे. मामे, मावस, चुलत, आते अशा सर्वच बहिणी त्यात सामावतात. १९८९ साली अमेरिकेत गेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या धोकामापनाच्या सूत्रात आई, मुलगी व सख्खी बहीण एवढ्यांचीच गणना होते. ‘सख्खी’ हे विशेषण गळले की गणित बिघडते. ते सूत्र मुळात श्वेतवर्णीय अमेरिकन स्त्रियांच्या माहितीवर उभे आहे, ही मर्यादा वेगळीच.

लक्षणांच्या बाबतीत अडचण विपरीत आहे. दुखण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही : ठणका, कळ, चमक, सल, ठुसठुस, हुळहुळणे, आग होणे. केमोथेरपीतील काही औषधांनी बोटांच्या टोकांना जे होते त्याला ‘मुंग्या येणे’ हा शब्द जितका चपखल बसतो तितका कोणताही पारिभाषिक शब्द बसत नाही. मात्र या रोगाची पहिली खूण असलेली गाठ बहुधा दुखतच नाही. जी भाषा आजाराला ‘दुखणे’ म्हणते, तिच्यात न दुखणारी गाठ आजारात जमा होत नाही. ‘दुखत नाही, मग कशाला दाखवायची?’ हे उद्गार केवळ अज्ञानाचे नव्हेत, त्यामागे एका शब्दाची दीर्घ सवय आहे.

आता तिसरी गोष्ट, जगण्याची. यासाठी यूरोपीय कर्करोग संशोधन व उपचार संस्थेने सिद्ध केलेली तीस प्रश्नांची सी-३० ही प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगासाठी तेवीस प्रश्नांची बीआर-२३ ही पुरवणी १९९६ मध्ये आली. बहुतेक प्रश्न गेल्या आठवड्याविषयीचे असून ‘मुळीच नाही’ पासून ‘फार’ पर्यंतच्या चार पायऱ्यांवर उत्तर द्यायचे असते. मग त्या उत्तरांचे शून्य ते शंभर असे गुण होतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शस्त्रक्रियायोग्य रोग असलेल्या भारतीय स्त्रियांमध्ये या प्रश्नावलीची पारख केली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अनुवादाचे नियम कडक आहेत. दोन अनुवादक स्वतंत्रपणे काम करतात, त्यांच्या संहितांचा मेळ घातला जातो, मूळ न पाहिलेले दुसरे दोघे ती संहिता पुन्हा इंग्रजीत आणतात, आणि शेवटी काही रुग्णांना प्रश्न देऊन त्यांना काय अर्थ लागला हे विचारले जाते. साहित्यकृतींच्या अनुवादकांवर एवढे निर्बंध घातले तर त्यांतील किती टिकतील, असा प्रश्न पडतो!

तरीही प्रत्यनुवादाच्या कसोटीची एक उणीव मराठीत स्पष्ट दिसते. चिंतेविषयीच्या प्रश्नासाठी ‘काळजी’ हा शब्द स्वाभाविकपणे सुचतो आणि इंग्रजीत परतताना तो बिनचूक उतरतो. कागदावर दोष दिसत नाही. परंतु मराठीत काळजी ‘वाटते’, तशीच ती ‘घेतली’ जाते आणि ‘केली’ही जाते. ‘तुम्ही काळजी करता का?’ असे विचारल्यावर दोन मुलांची आई ‘फार’ म्हणेल, आणि त्यात तिला व्याधी नव्हे, कर्तव्य दिसेल. हिंदीतील ‘चिंता’ या शब्दाला ही दुसरी छटा नाही. म्हणून रायपुरात हिंदी प्रश्नावलीवर आणि नागपुरात मराठी प्रश्नावलीवर सारख्याच मनःस्थितीच्या दोघींना वेगवेगळे गुण मिळण्याचा संभव राहतो. हा दोष फक्त शेवटच्या पायरीवर, रुग्णाला अर्थ विचारताना, उघड होऊ शकतो. घाईत नेमकी तीच पायरी उरकली जाते.

याखेरीज ऐकणाऱ्यांचाही प्रश्न आहे. जिला वाचता येत नाही तिला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावे लागतात, आणि शेजारी पती किंवा सासू बसलेली असते. शरीराच्या रूपाविषयी वा दांपत्यजीवनाविषयी तेथे मौनच मिळणार. ‘बरी आहे’ हे तर उत्तर नव्हे, शिष्टाचार आहे.

हे सारे शब्दच्छल वाटू नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांपैकी ज्यांनी आपली लक्षणे नियमितपणे स्वतः नोंदविली आणि ज्यांच्या गंभीर तक्रारींची सूचना परिचारिकांपर्यंत लगेच गेली, त्यांचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने भरले. नेहमीच्या पद्धतीने देखरेख झालेल्यांचे २६ महिने. तेथे नवे औषध दिलेले नव्हते. विचारणे आणि ऐकणे, एवढाच फरक होता.

काखेतील गाठी काढल्यावर काही स्त्रियांच्या हाताला सूज येते. ती आरंभीच कळली तर दाबपट्टी व व्यायाम यांनी आटोक्यात ठेवता येते. उशीर झाल्यास हात कायमचा जड होतो. बीआर-२३ मध्ये हात सुजला का, असा प्रश्न आहेच. पण आरंभीची सूज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘नाही’ असे उत्तर येते. तिलाच ‘बांगडी चढताना अडते का? पोलक्याची एकच बाही दाटते का?’ असे विचारावे. मग ती दोन्ही हात समोर धरते आणि म्हणते, हो, उजव्या हातातली दिवाळीपासून निघतच नाही.