‘डीप वॉटर’: वीस वर्षांनी परतले, पण...

विवाहबाह्य संबंध आणि त्यातून पेटणारी हिंसा हे दिग्दर्शक एड्रियन लाइन यांचं हुकमी मैदान. ‘फेटल अट्रॅक्शन’ला (१९८७) ऑस्करची ६ नामांकनं मिळाली, तर ‘अनफेथफुल’साठी (२००२) डायन लेनला. मग थेट २०२२मध्ये आला ‘डीप वॉटर’. थिएटरमधलं प्रदर्शन रद्द होऊन तो अमेरिकेत हुलू या ओटीटी मंचावर उतरला आणि बहुतेक समीक्षकांची निराशा झाली.

मूळ कादंबरी पॅट्रिशिया हायस्मिथ यांची, १९५७ची. नवरा व्हिक, त्याच्या डोळ्यांदेखत प्रियकर बदलणारी बायको मेलिंडा आणि त्या प्रियकरांचे मृत्यू. कादंबरीत व्हिक अखेर बायकोचा गळा आवळतो आणि पकडला जातो. सिनेमात मात्र मेलिंडाच पुरावा जाळते आणि व्हिकच्या मागावरचा लेखक मोबाइलवर मेसेज करण्याच्या नादात गाडीसकट कोसळतो! कळसाध्याय असा अपघातावर सोपवल्यावर ताण उरणार कुठून?

बेन अफ्लेक, आना दे आर्मास असे कलाकार, न्यू ऑर्लिन्स शहर, व्हिकने पाळलेल्या गोगलगायी... ऐवज कमी नव्हता.

याच कादंबरीवर मिशेल दव्हिल यांनी १९८१मध्ये फ्रेंच चित्रपट केला होता. त्यात बायकोच्या भूमिकेत होती इझाबेल ह्युपेर.