स्लिपरवाला सुपरस्टार

पाइपलाइनच्या लाटांवर वाढला, कॅमेरा शिकला आणि जवळजवळ चुकूनच पॉपस्टार झाला. तरीही जॅक जॉन्सनचे पाय अजून जमिनीवर आहेत. नाहीतर पाण्यात! एका कट्टर फॅनची ही कबुली.

२००६ची गोष्ट. अप्रेझलचा सीझन. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी नुकताच पर्मनंट झालो होतो. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून माझं रेटिंग सांगितलं : 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. म्हणजे मराठीत 'बरा आहे'. इंजिनीअरिंगला डिस्टिंक्शन मिळवणाऱ्या मुलाला कुणी 'बरा आहे' म्हटलं की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तोंड पाडून फ्लॅटवर आलो तर रूममेटने कॉम्प्युटरवर काहीतरी लावलं होतं. एक अकुस्टिक गिटार, मागे अगदी हळू ड्रम्स आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच गुणगुणतंय असा आवाज.

'कोण रे हा?'

'जॅक जॉन्सन. सर्फर आहे.'

'सर्फर? म्हणजे नेटवर?'

'समुद्रावर रे येड्या!'

त्या रात्री 'इन बिटवीन ड्रीम्स' हा अल्बम सलग तीनदा ऐकला. एकही गाणं मला इम्प्रेस करायला बघत नव्हतं. दिवसभर सगळ्यांना इम्प्रेस करून थकलेल्या माणसाला याहून मोठं औषध नसतं, बॉस.

अंगणात पाइपलाइन

जॅकचा जन्म १८ मे १९७५चा. गाव म्हणाल तर हवाईच्या ओआहू बेटाचा उत्तर किनारा, म्हणजे जगभरच्या सर्फर्सची पंढरी. वडील जेफ जॉन्सन तिथले नावाजलेले सर्फर. तीन भावांत जॅक शेंडेफळ. आपल्याकडे पोरं गल्लीत क्रिकेट खेळत मोठी होतात, तसा हा लाटांत मोठा झाला. फरक एवढाच, की त्याच्या घरासमोरची गल्ली म्हणजे 'पाइपलाइन'.

पाइपलाइन ही साधीसुधी लाट नाही. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये वादळं झाली, की तिथून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून इथल्या उथळ खडकावर येऊन आदळतात. लाट उभी राहते, वळते आणि तिचा नळकांड्यासारखा बोगदा होतो. सर्फरने त्या बोगद्यातून निसटायचं. चुकलात तर खाली मऊ वाळू नसते, खडक असतो.

आणि या लाटेसाठी नंबर लावावा लागतो. वर्षानुवर्षं तिथे सर्फिंग करणाऱ्या मोठ्यांचा मान आधी, पोराटोरांचा नंतर. दुसऱ्याच्या लाटेत घुसणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. जॅकच्या नम्रपणाचं लोक फार कौतुक करतात. मला वाटतं, त्याचं ट्रेनिंग इथेच झालं. आपला नंबर येईपर्यंत गप बसायचं, आणि समुद्रापुढे आपण कोण आहोत हे कधी विसरायचं नाही.

फिल्मी ट्विस्ट? छे!

सतराव्या वर्षी जॅक 'पाइपलाइन मास्टर्स' स्पर्धेच्या ट्रायल्समध्ये फायनलपर्यंत पोहोचला. एवढ्या लहान वयात तिथवर कुणी आलं नव्हतं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच पाइपलाइनवर तो खडकावर आदळला. चेहऱ्यावर शंभराहून जास्त टाके पडले, पुढचे दातही गेले.

इथे आपल्या डोक्यातला बॉलिवूडवाला जागा होतो. पोरगा हॉस्पिटलमध्ये, स्वप्नांचा चुराडा, उशाशी गिटार, बॅकग्राउंडला व्हायोलिन्स! बऱ्याच ठिकाणी त्याची स्टोरी अशीच छापून येते. पण खरी गोष्ट इतकी फिल्मी नाही. गिटार त्याच्या हातात आधीच आली होती. सर्फिंगही त्याने सोडलं नाही, बरा होऊन तो पुन्हा पाण्यात उतरला. गेलं ते प्रोफेशनल सर्फर होण्याचं करिअर. जॅकने स्वतः सांगितलंय, की तो अपघात काही त्याचं कारण नव्हतं, स्पर्धेत उतरण्याची ओढच त्याला फारशी नव्हती.

हे कळलं तेव्हा तो मला आणखी आवडला. एखादी गोष्ट जीव ओतून करायची, पण तिच्यात नंबर काढायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही ना! आपल्याकडे मुलगी चांगलं गाते म्हटलं, की दुसऱ्या मिनिटाला 'मग परीक्षा कितवी झाली?' हा प्रश्न तयार असतो.

कॅमेरामन ते नंबर वन

पुढे जॅक कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात गेला आणि फिल्मची डिग्री घेऊन बाहेर पडला. तिथेच त्याला किम भेटली, जिच्याशी २०००मध्ये त्याने लग्न केलं. मॅलॉय मंडळींबरोबर त्याने 'थिकर दॅन वॉटर' ही सर्फिंगची फिल्म बनवली, पाठोपाठ 'द सप्टेंबर सेशन्स'. मित्र लाटांवर आणि हा कॅमेऱ्यामागे. फिल्मला म्युझिक हवं म्हणून स्वतःची गाणीही टाकली. ती आधी सर्फर्समध्ये हातोहात फिरली. मग त्याचा डेमो बेन हार्परचे मॅनेजर जे. पी. प्लुनिए यांच्या कानावर पडला आणि २००१मध्ये 'ब्रशफायर फेअरीटेल्स' हा पहिला अल्बम आला. एकट्या अमेरिकेत तो दहा लाखांच्या वर खपला.

पुढची गंमत तर ऐका. अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवरचा त्याचा पहिला नंबर वन अल्बम कुठला असावा? 'क्युरियस जॉर्ज' या माकडाच्या कार्टून सिनेमाची गाणी! साल २००६. जगातले मोठमोठे स्टार त्या जागेसाठी जिवाचं रान करत होते आणि हा पोरांसाठी अंगाईगीतं गाऊन तिथे जाऊन बसला.

स्टेजवर तो येतो तोही कसा? टी-शर्ट, जीन्स आणि पायात चप्पल. कधीकधी तीही नाही. हवाईत या चपलेला 'स्लिपर' म्हणतात, अगदी आपल्यासारखंच!

स्टारची डिमांड काय?

मोठ्या कलाकारांच्या कॉन्ट्रॅक्टला 'रायडर' नावाची एक यादी जोडलेली असते. ग्रीनरूममध्ये अमुक पाणी, तमुक रंगाची फुलं, असले नखरे त्यात असतात. जॅकच्या यादीत वेगळ्याच मागण्या असतात : कचरा वेगळा करा, प्लॅस्टिकच्या बाटल्या टाळा, जेवण जवळच्या शेतातलं आणा. जिथे शो, तिथल्या हॉलवाल्यांना सवय बदलावी लागते.

२००३मध्ये त्याने आणि किमने 'कोकुआ हवाई फाउंडेशन' सुरू केलं. हवाईयन भाषेत कोकुआ म्हणजे मदत, सहकार्य. शाळेतल्या मुलांना बागकाम, रिसायकलिंग, आपल्या बेटाचं पर्यावरण शिकवायचं, हे तिचं काम. २००८च्या वर्ल्ड टूरचा सगळा नफा त्याने दान केला. अर्धा नाही, सगळा. आणि हे सांगताना तो जोरात ओरडतोय, असं मी तरी कधी ऐकलं नाही.

'बोअर आहे रे तुझा जॅक!'

हे मला निम्मे मित्र ऐकवतात. त्यांचं अगदीच चूक नाही. त्याची पाच गाणी एकापाठोपाठ लावली, तर एकच लांबलचक गाणं चालू आहे असं वाटू शकतं. आवाजाची रेंज मोजकी, गिटारवर सर्कस नाही. कॉफी शॉपचं म्युझिक म्हणून त्याला नावं ठेवणारेही खूप आहेत.

दुसरा आरोप जास्त बोचरा आहे. 'घरासमोर समुद्र असल्यावर कुणीही शांत राहील. त्याला म्हणावं, सकाळी नऊला वाकड ब्रिजवर ये!' पॉइंट आहे. पण त्या समुद्राने त्याचे दातही पाडले होते, हे विसरू नका. २००९मध्ये त्याचे वडील गेले. २०१०चा 'टू द सी' ऐका, त्या गाण्यांवर वडिलांच्या जाण्याची सावली आहे. तिथेही तो गळा काढत नाही. आवाज तोच, नेहमीचा. कमी बोलणं म्हणजे कमी वाटणं नव्हे, हे मला त्या अल्बमने शिकवलं.

जॅकने २०२५मध्ये पन्नाशी गाठली. माझीही चाळिशी उलटली. आता त्याच 'बंद केबिन'मध्ये मी समोरच्या पोरांना रेटिंग देतो. 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' म्हणताना त्यांचा पडलेला चेहरा दिसतो आणि दरवर्षी पोटात तेच गोळा येतं.

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरून कॉलेजातली गिटार खाली काढली. 'आपण काही ग्रेट होणार नाही' हे कळल्यावर सोडून दिली होती ना, तीच. तारा बदलल्या. पंधरा दिवस बोटं सोलून घेतली. मग एका रविवारी, बाहेर पाऊस कोसळत असताना 'बनाना पॅनकेक्स' अख्खं वाजवलं. आठ वर्षांची लेक दारात उभी राहून ऐकत होती.

'बाबा, बरं वाजवतोस.'

बरं! या वेळी मात्र मस्त वाटलं.

कुठून सुरुवात कराल?

*इन बिटवीन ड्रीम्स (२००५) :* पहिल्यांदा ऐकताय? मग हाच. पावसाळी सकाळ असेल तर सोने पे सुहागा.

*ऑन अँड ऑन (२००३) :* हवाईतल्या त्याच्या 'मँगो ट्री' स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. लाँग ड्राइव्हला बेस्ट.

*टू द सी (२०१०) :* रात्री, एकट्याने. शक्यतो दिवे बंद करून.