परराज्यातून टेम्पो घेताय? आधी पासिंगचा हिशेब मांडा

मैत्रिणींनो, कांदा, डाळिंब, कडक भाकरी असा माल बाजारात न्यायला दरवेळी भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून काही गट स्वतःचा टेम्पो घ्यायचं ठरवतात. मग कुणीतरी सांगतंच, "विजापूरला घ्या, कलबुर्गीला घ्या, तिकडं स्वस्त मिळतोय." जायला हरकत नाही. पण स्वस्त म्हणजे नेमका किती, ते आधी बैठकीत मांडा.

फरक कुठं पडतो?

जीएसटी सगळ्या देशात सारखाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल-पेट्रोलच्या मालवाहू गाड्यांवर तो २८ ऐवजी १८ टक्के झाला, तो इकडंही आणि तिकडंही. राहिला फरक डीलरच्या सवलतीचा. समजा, तिकडं २०,००० रुपये कमी पडले. त्यातून जाण्या-येण्याच्या फेऱ्या, डिझेल, ड्रायव्हरची मजुरी आणि तात्पुरत्या नोंदणीचा खर्च वजा करा. उरेल तो खरा फायदा.

पासिंग आपल्याच राज्यात

मालक ज्या राज्यात राहतो किंवा गाडी जिथं कायम ठेवली जाते, त्याच राज्यातल्या नोंदणी कार्यालयात तिची नोंदणी करायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं. आपल्याला जवळची म्हणजे सोलापूर (एमएच-१३) किंवा अकलूज (एमएच-४५). रोड टॅक्सही इथलाच भरायचा. कर्नाटकचा नंबर घेऊन कर वाचतो, हा गैरसमज आहे. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं राहिली की इथला नंबर घ्यावाच लागतो.

तात्पुरत्या नंबरची तारीख पाळा

तिकडचा डीलर तात्पुरती नोंदणी करून देतो. त्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपायच्या आत कायम पासिंग झालंच पाहिजे. राजस्थानातल्या एका माणसाने नव्या गाडीचा विमा पंजाबात उतरवला होता. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली आणि थोड्याच दिवसांनी, जुलै २०११ मध्ये, गाडी चोरीला गेली. विमा चालू होता, तरी ३० सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा नामंजूर केला. कारण एकच, चोरीच्या वेळी गाडीची नोंदणी नव्हती. आपल्या बायांनी दर आठवड्याला टाकलेली बचत अशी एका तारखेपायी जायला नको.

गाडी ताब्यात घेताना हे मोजून घ्या

- पक्कं बिल
- विक्रीचं प्रमाणपत्र (नमुना २१)
- कंपनीचं, गाडी रस्त्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र (नमुना २२)
- विमा पॉलिसी आणि तात्पुरती नोंदणी

चेसिस आणि इंजिन नंबर सगळ्या कागदांवर एकच आहे का, ते गाडीशी ताडून बघा. सर्व्हिसिंग आणि वॉरंटीचं काम सोलापुरात होईल का, ते लेखी घ्या.

पैसे आणि नाव

पैसे डीलरच्या खात्यावरच भरा. एजंटाच्या हातात रोख देऊ नका. कर्ज असेल तर परराज्यातल्या डीलरला रक्कम देणार का, हे बँकेला आधीच विचारा. उत्पादक कंपनीला जीएसटी नंबर असेल, तर बिल कसं करायचं ते हिशेबनीसाकडून समजून घ्या. आणि गाडी कुणाच्या नावावर, हप्ता कोण भरणार, उत्पन्न कसं वाटायचं, याचा ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

एवढं करून सोलापूरच्या आणि तिकडच्या डीलरचं, पासिंगसकट सगळा खर्च धरलेलं कोटेशन शेजारी-शेजारी ठेवा. मग ठरवा.