पशुवैद्य गोठ्यांत केव्हां यावा ?

पनवेलीहून येणारा रस्ता ज्या पळस्पे फाट्यावर फुटून एक वाट पुण्याकडे व दुसरी गोव्याकडे जाते, तेथें अष्टौप्रहर रहदारी चालू असते. शहर दाराशीं येऊन ठेपलें आहे. अर्थात् दुधास गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. अशा गांवीं जो गृहस्थ चार म्हशी बाळगील, त्याचा धंदा गिऱ्हाइकावर नव्हे, तर म्हशींच्या आरोग्यावर तरेल किंवा बुडेल. आणि नेमक्या याच बाबतींत आमचे लोक उदासीन आहेत, असें खेदानें म्हणावें लागतें.

म्हैस खाणें टाकते, तेव्हां प्रथम घरगुती उपाय होतात. मग कोणी जाणता येतो, अंगारा लागतो. आणि म्हशीनें अंग टाकल्यावर मनुष्य पशुवैद्याकडे धांवतो. ती मेली म्हणजे डॉक्टरानें कांहीं केलें नाहीं, हा शेरा ठरलेला ! मुदत टळल्यावर वकिलाकडे येणाऱ्या पक्षकारासारखीच ही तऱ्हा होय.

कोणी म्हणतील, आमच्या वाडवडिलांनीं शास्त्रावांचून गुरें पाळलींच ना ? पाळलीं खरीं, परंतु बुळकांडीच्या सांथींत गोठेच्या गोठे ओस पडत, हें कां विसरावें? मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. १८८९ सालीं पुण्यास स्थापन झालेली गुरांच्या रोगांची प्रयोगशाळा १८९३ सालीं मुक्तेश्वर येथें गेली. १९५४ सालीं स्वतंत्र भारत सरकारनें बुळकांडीविरुद्ध लसीची मोहीम हातीं घेतली. १९९५ नंतर हा रोग या देशांत आढळला नाहीं, व २०११ सालीं तो सर्व जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. हें नवसानें झालें नाहीं. लसीनें व लोकांच्या साहाय्यानें झालें.

तेव्हां पशुवैद्यास आजाराच्या दिवशीं न बोलावितां, गुरें धडधाकट असतांनाच गोठा दाखवावा व वर्षाचा क्रम आंखून घ्यावा. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसापूर्वीं. लाळ्या-खुरकूताची वर्षांतून दोनदां. वासरांतील माद्यांस चार ते आठ महिन्यांच्या वयांत सांसर्गिक गर्भपाताची, कारण तो रोग माणसांसही जडतो. प्रत्येक जनावराची माजाची, रेतनाची, विण्याची व औषधाची तारीख वहींत असावी. वही नसेल तर वैद्यास अंदाजावर चालावें लागतें. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर पाहाव्या; गांठी दिसल्यास कासेचा दाह समजून त्याच दिवशीं कळवावें. धार काढल्यावर सडाचें तोंड कांहीं वेळ उघडें असतें. म्हणून सड जंतुनाशकांत बुडवावे आणि पुढें वैरण टाकून जनावर अर्धा तास उभें ठेवावें. यांत खर्च थोडा, पण शिस्त पाहिजे.

आतां कायद्याची गोष्ट. जनावरांच्या सांसर्गिक रोगांसंबंधीं २००९ चा जो कायदा आहे, त्यान्वयें अनुसूचींतील रोगाचा संशय येतांच ग्रामअधिकाऱ्यास अगर पंचायतीस वर्दी देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. दूध विकलें जाणार नाहीं या भीतीनें रोग लपविणारा मनुष्य शेजाऱ्याचा गोठा आपल्या हातानें पेटवितो. तसेंच औषध टोंचल्यावर पशुवैद्य जितके दिवस सांगेल तितके दिवस तें दूध विकूं नये. तें कोणाच्या तरी तान्ह्या मुलाच्या वाटींत जावयाचें असतें.

सरकारासही आमचें सांगणें आहे. एका पशुवैद्यावर गांवेंच्या गांवें सोंपवून वर कागदांचा ढीग त्याच्यापुढें टाकल्यास तो गोठ्यांत केव्हां पोंचणार ? परंतु सरकारची वाट पाहात स्वस्थ बसणें हा आमचा जुनाच रोग आहे. पळस्प्याच्या दहा मालकांनीं एकत्र येऊन महिन्याचा एक दिवस ठरवावा व त्या दिवशीं वैद्यास सर्व गोठे दाखवावे. वसुबारसेस गायीस ओवाळणें योग्यच. पण जो वर्षभर तिच्या लसीची तारीख विसरतो, त्याची पूजा अपुरीच म्हटली पाहिजे.