आधी पाण्याला वाट

तमिळनाडूत चिदंबरमजवळ, वेल्लार आणि कोळ्ळिडम या नद्यांच्या मुखांदरम्यान, पिचावरमचं कांदळवन आहे. इंग्रजी अमलापासून 1970च्या दशकापर्यंत वनखात्याने इथे आळीपाळीने पट्टेच्या पट्टे सरसकट तोडले. तोडलेल्या जागी रान पुन्हा आपोआप उभं राहील, असा हिशेब होता. ते राहिलं नाही. दोष मात्र बरीच वर्षं गावकऱ्यांच्या गुरांवर आणि कुऱ्हाडींवर गेला.

खरं कारण जमिनीत होतं. सावली गेल्यावर चिखल उन्हात वाळला, खचला आणि मधोमध खोलगट झाला. उधाणाचं पाणी आत शिरायचं, ओहोटीला बाहेर पडायचं नाही. तुंबलेलं पाणी आटे, मीठ मागे राही. अशा मातीत कांदळाची शेंग तग धरत नाही. मोरससारखी खारट झुडपं तेवढी उरतात.

1990च्या दशकात एम. एस. स्वामीनाथन रिसर्च फाउंडेशनने वनखातं आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन आधी चर खणले. मधे मोठा कालवा आणि त्याला माशाच्या काट्यासारखे तिरपे फुटलेले छोटे चर. भरती आत येऊ लागली, ओहोटीला निघून जाऊ लागली, साचलेलं मीठ धुऊन निघू लागलं. रोपं लावली ती चरांच्या उतरत्या काठावर. फार वर लावलं तर रोप वाळतं, फार खाली लावलं तर बुडून कुजतं. भरतीचं पाणी रोज जिथे शिवून जातं तो अरुंद पट्टाच काय तो कामाचा. चरांत गाळ भरतो, म्हणून ते पुन्हापुन्हा उपसावे लागतात. माझ्या मते रोपं लावण्यापेक्षा हे काम मोठं आहे.

रान हिरवं झालं, पण त्यात भर तिवर या जातीचीच. तिवराला खारटपणा सोसतो, इतर अनेक जातींना मचूळ पाणी लागतं. कोळ्ळिडम ही कावेरीचीच शाखा. 1934चं मेट्टूर आणि नंतरची धरणं यांमुळे मुखाशी येणारं गोडं पाणी घटलं. ही तूट चर खणून भरत नाही.

इकडे महाराष्ट्रात ठाण्याच्या खाडीतही तिवराचंच राज्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनतोडीला मनाई केली, 2020मध्ये पांढरी चिपी राज्याचा कांदळवृक्ष ठरली. हे चांगलंच झालं. तरी लागवडीचा अहवाल रोपांच्या आकड्यावर संपतो, याचं वाईट वाटतं. रस्त्याच्या भरावाने भरती कुठे अडली, मोरी कुठे बुजली, पावसाळी ओढ्याचं पाणी कुठे वळवलं, हे आधी नकाशावर दाखवावं. मग कोणत्या पट्ट्यात कांदळ, कुठे चिपी, खाडीच्या वरच्या अंगाला काय, हे ठरवावं. रोपवाटिकेला मागणी त्यानंतरच जावी.