पहिल्या अंकापासून वाचायचे तर

१३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजाची परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न: अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळणार की नाही? त्याच मुक्कामात मुंबईहून तार आली. बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम वारले होते.

अमरावतीच्या इतिहासावरच्या लेखांत ही घटना दोन-चार ओळींत उरकलेली असते. महाडच्या सत्याग्रहावरच्या लेखांत तर ती बहुधा नसतेच. पण बाबासाहेबांचे पाक्षिक 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ च्या पहिल्या अंकापासून वाचत गेलो, की तिची खरी जागा कळते. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाले आहे. २५ डिसेंबरला पुन्हा महाडला जमायचे आहे. या दोन महाडांच्या मधे अमरावती येते. पाण्याचा प्रश्न आणि देवळाचा प्रश्न एकाच वर्षात, त्याच माणसांच्या समोर, एकमेकांत गुंतत चालले होते, हे कुठल्याही एका लेखात लिहिलेले नसते. अंकामागून अंक वाचताना ते आपोआप समजत जाते.

जुने कागद ओळीने वाचण्याचा आग्रह मी धरतो तो एवढ्याचसाठी. गेल्या पंचवीसेक वर्षांत अमरावती-अकोल्यात बसून असे वाचू पाहणाऱ्याच्या वाट्याला काय आले, ते एकदा मांडून ठेवावेसे वाटते.

सुरुवातीला होत्या त्या बांधीव फायली. वऱ्हाडातल्या जुन्या वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या महिन्या-महिन्याच्या, सहा-सहा महिन्यांच्या फायली शिवून ठेवलेल्या असत. दारात उभे राहिले की कर्मचारी एवढेच विचारी, "कोन्तं साल पाह्यजे, भाऊ?" त्या प्रश्नात सगळी व्यवस्था होती. साल सांगितले की फाइल समोर येई. कागद पिवळा, कडा मोडलेल्या, मधली काही पाने कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली. पण १४ तारखेनंतर १५ तारीख येई. एखादा अंक नसला तर तो नाही हेही लगेच दिसे, कारण १४ नंतर एकदम १६ उघडे. आणि शोधत नव्हतो तेही वाचून होई: कापसाचे भाव, पावसाची ओढ, नाटक कंपनीचा मुक्काम, नगरपालिकेतली भांडणे.

ग्रंथरूपातही काही चांगली कामे झाली होती. राज्य शासनाने १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक एकत्र खंडात छापले. पुढे आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या अठराव्या खंडात मराठी भाषणे १९२० पासून १९५६ पर्यंत कालक्रमाने तीन भागांत आली. ज्यांनी ही मांडणी केली त्यांचे उपकार वाचकाने विसरू नयेत. तारखेप्रमाणे लावणे हे कारकुनी काम वाटते, पण त्यासाठी प्रत्येक कागदाची तारीख आधी पक्की करावी लागते, आणि तिथेच निम्मे संशोधन होऊन जाते.

मग संगणक आले, आणि आम्हा आडगावच्या वाचकांना मोठी आशा वाटली. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत जाण्याची ऐपत आणि सवड नसलेल्या माणसाला घरबसल्या जुनी पुस्तके मिळणार होती. ती मिळालीही. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने हजारो मराठी पुस्तके स्कॅन केली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले, तरी त्यातला फार मोठा साठा 'इंटरनेट अर्काइव्ह'वर गेला आणि आजही तिथे फुकट वाचता येतो. मराठी मासिकांचे शंभर वर्षांपूर्वीचे अंक मी त्यामुळेच पाहू शकलो. हे आधी कबूल करून मगच गाऱ्हाणे सांगतो.

गाऱ्हाणे असे, की कागद मिळाले पण त्यांची ओळ मोडली.

एका मासिकाचे उदाहरण घेतो, नाव मुद्दाम सांगत नाही. बारा महिन्यांचे बारा अंक चढवलेले आहेत, पण संगणकाने महिन्यांची नावे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली. म्हणून वर्षाची सुरुवात एप्रिलने होते, मग ऑगस्ट, मग डिसेंबर, मग फेब्रुवारी. जिथे महिन्याऐवजी अंकाचा आकडा आहे, तिथे १ नंतर १०, ११, १२ येतात आणि २ त्यांच्या मागून. यंत्र आकडा हा आकडा म्हणून वाचत नाही, अक्षर म्हणून वाचते. फाइलला नाव देताना '२' ऐवजी '०२' लिहिले असते तर हे टळले असते. शंभर वर्षे ज्यांनी अंक जपले त्यांच्या कष्टावर एका शून्याअभावी पाणी पडते.

त्याहून वाईट म्हणजे तारखेची अदलाबदल. अनेक ठिकाणी अंकाखाली जी तारीख दिसते ती तो चढवल्याची असते, छापल्याची नव्हे. १९३० चा अंक २०१६ चा म्हणून उभा राहतो आणि तारखेने लावायला गेलो की स्कॅन करणाऱ्याने गठ्ठे ज्या क्रमाने उचलले तो क्रम हाती येतो. विसाव्या शतकातले वऱ्हाड वाचायला बसलो होतो, आणि वाचायला मिळाले कुणाच्या तरी कपाटाची आवराआवर.

वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर वेगळाच प्रकार. तिथे ताजे वर आणि जुने खाली. बातमीसाठी ते बरोबरच आहे. आज सकाळी अकोल्यात काय झाले ते आधी दिसायला हवे. पण एखादे सदर पहिल्या लेखापासून वाचायचे असेल तर शेवटच्या पानावर जाऊन उलटे चढत यावे लागते. पान खाली, मग आधीचे पान, पुन्हा खाली. तेवढ्यात नवे लेख चढले की सगळी पाने एकेक घर सरकतात. काल जिथे थांबलो होतो तिथे आज दुसरेच काही असते, मधला एखादा लेख वाचायचाच राहून जातो. आता तर पाने जाऊन न संपणारी पट्टी आली आहे. वाचत-वाचत तीन वर्षे मागे जावे, एक लेख उघडावा, परत फिरावे, आणि पट्टी पुन्हा आजच्या तारखेवर उभी! लेखाच्या शेवटी 'यानंतरचा लेख' एवढा एक दुवा असता तर पुरला असता. त्या जागी 'हेही वाचा' असते, आणि त्याखाली भलतेच काही.

मराठी संकेतस्थळांची पहिली दहा वर्षे तर हातची गेल्यासारखीच आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येकाचा फॉन्ट निराळा होता. तो उतरवून घेतला तरच मजकूर दिसे. फॉन्ट गेले आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ उरला. पुढे नव्या बांधणीत जुने दुवे तुटले. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारे, २००१ पासून लोकांसाठी खुले असलेले 'वेबॅक मशीन' तेवढे कधीमधी मदतीला येते, आणि तिथे वर्षाची दिनदर्शिका समोर येते हे मला फार आवडते. मात्र तिच्यातल्या खुणा पान टिपल्याच्या तारखेच्या असतात आणि मधे महिनेच्या महिने रिकामे असतात.

वऱ्हाडची आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा जाणवणार नाही. आमचा प्रांत दीडशे वर्षांत इतक्या दप्तरांतून फिरला, की त्याचे कागद एका जागी राहिलेच नाहीत. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटची. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला आणि राजधानी नागपूर झाली. १९५० मध्ये आम्ही मध्य प्रदेशात होतो, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणून अमरावतीच्या एका गल्लीची कथा वाचायला दिल्ली, नागपूर, मुंबई अशी दारे ठोठावावी लागतात. राष्ट्रीय अभिलेखागाराने 'अभिलेख पटल' सुरू केल्यावर दिल्लीचे दार घरात आले, ही फार मोठी सोय झाली. तरी फायली खात्याप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि ज्या काळी जे खाते होते ते माहीत असल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. शोधाच्या चौकटीत आज आपण लिहितो तसे अमरावती लिहिले तर इंग्रज कारकुनांनी दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली अमरावती हाती लागत नाही. 'अकोला' एवढेच निवडले तर वाशीमचा जुना इतिहास सुटतो, कारण १९०५ पर्यंत वाशीम स्वतंत्र जिल्हा होता, मग त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. एलिचपूर जिल्ह्याचेही तसेच, तो अमरावतीत मिसळला.

दादासाहेब खापर्डे यांच्या रोजनिश्यांकडे पाहिले की हे सगळे जास्त बोचते. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष, टिळकांचे निकटचे सहकारी. वर्षानुवर्षे त्यांनी रोज लिहिले. या रोजनिश्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. लोकांच्या हाती सर्वाधिक गेला तो त्यातला शिर्डीचा भाग: डिसेंबर १९१० मधला आठवडा आणि डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ चा मुक्काम. साईभक्तांनी तो छापला, जपला, अजून छापतात, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे रोजनिशीतले तीन-साडेतीन महिने घरोघरी पोचले आणि उरलेला अमरावतीचा माणूस, वकील, राजकारणी, कुटुंबप्रमुख, पेटीत राहिला. शिर्डीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी काय लिहिले, हा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देणारे पान सामान्य वाचकाला उलटता येत नाही.

क्रम का सांभाळावा याचा मोठा धडा गांधीजींच्या समग्र वाङ्मयाने देशाला दिला आहे. शंभर इंग्रजी खंड, १९५६ पासून जवळजवळ चार दशके चाललेले काम, पत्रे-भाषणे-टिपणे तारखेने लावलेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात खंडांची विभागणी बदलली, काही नोंदी गळाल्या, जुने संदर्भ जुळेनात. अभ्यासकांनी आवाज उठवला आणि २००५ मध्ये सरकारला ती मागे घ्यावी लागली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'गांधी हेरिटेज पोर्टल'वर मूळ आवृत्तीचे खंड आहेत. नोव्हेंबर १९३३ मध्ये हरिजन दौऱ्याची सुरुवात वर्ध्याकडून झाली आणि गांधीजी वऱ्हाडातून फिरले. तो काळ छप्पन्नाव्या खंडात आहे. खंड उघडा, तारीख गाठा, आणि दौऱ्याबरोबर पुढे चला. म्हणजे हे आपल्या देशात जमते, आणि इंटरनेटवरही जमते.

अकोल्यापुरते बोलायचे तर १९३० साल असे वाचायला मिळावे ही माझी जुनी इच्छा. ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलले गेले. वऱ्हाडला समुद्र नाही, पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; म्हणून त्याच एप्रिलात अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला. जुलैत बापूजी अणे पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रहाला उभे राहिले. मिठाकडून गवताकडे हा प्रवास तीन महिन्यांत झाला. त्या तीन महिन्यांत गावोगावी काय बोलले गेले, कुणाला पटले, कुणी माघार घेतली, ते त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांतच सापडेल, आणि तेही रोजचे ओळीने वाचले तरच. 'दहीहांडा' हा शब्द शोधून चार उतारे मिळतात. त्या चार उताऱ्यांच्या मधले दिवस मिळत नाहीत.

आणि हा क्रमाचा आग्रह वऱ्हाडला नवा नाही. मराठीतला आद्य गद्यग्रंथ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला घडला. चक्रधरस्वामींच्या नंतर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून एकेक लीळा गोळा केली. विखुरलेल्या आठवणींना त्यांनी स्वामींच्या आयुष्याचा क्रम दिला: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. मूळ प्रत पुढे धामधुमीत गेली, तरी अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. मला वाटते, क्रम पक्का होता म्हणूनही ते शक्य झाले असेल. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. वऱ्हाडातल्या नियतकालिकांची साल-महिना-तारखेनुसार सूची हे त्याने हाती घ्यावे असे काम आहे. ब्रिजलाल बियाणींच्या 'मातृभूमी'पासून गावोगावच्या अल्पायुषी साप्ताहिकांपर्यंत कोणता अंक कुठे आहे, आणि कोणता कुठेच नाही, हे एका जागी दिसू द्या.

अमरावती-अकोल्यात आज महाविद्यालये आपली वार्षिके चढवत आहेत, वाचनालये फायली स्कॅन करायला देत आहेत, काही घरांतून आजोबांच्या रोजनिश्या बाहेर येत आहेत. त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. फाइलचे नाव आधी साल, मग महिना, मग तारीख असे ठेवा, आणि एक आकडी महिन्याआधी शून्य लावा. छापल्याची तारीख आणि चढवल्याची तारीख वेगवेगळी लिहा. शके असेल तर तोही ठेवा. प्रत्येक अंकाखाली 'मागचा अंक' आणि 'पुढचा अंक' हे दोन दुवे द्या. जो अंक मिळाला नाही त्याची जागा रिकामी ठेवून तिथे 'उपलब्ध नाही' असे स्पष्ट लिहा. कदाचित दर्यापूरच्या किंवा अकोटच्या एखाद्या माळ्यावर तो असेल आणि ती रिकामी जागा पाहूनच कुणीतरी तो खाली काढेल.