गुणांमुळे उत्तरं सुधारतात का?

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली सुरू केली. तिथली गुणपद्धत मला मनापासून आवडते. तुमच्या उत्तराला कुणी पसंतीचं मत दिलं की १० गुण, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं की आणखी १५. नापसंतीने २ जातात, पण उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही १ गुण कापला जातो! त्यामुळे उगाच कुणी कुणाला खाली खेचत नाही. शिवाय गुणांबरोबर जबाबदारीही येते. २,००० झाले की इतरांचं लेखन थेट दुरुस्त करता येतं. माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद इथेच आहे.

गडबड होते ती घाईने. सोप्या प्रश्नावर जो आधी दोन ओळी टाकतो, त्याच्याकडे मतं जातात. अवघड प्रश्नावर तासभर खपून लिहिलेलं उत्तर मात्र दोन-चार मतांवर अडकतं, कारण ते वाचणारेच कमी. ठरावीक कामांसाठी साइट देते त्या बिल्ल्यांचंही तसंच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की बिल्ला जवळ आला की लोक तेच काम जोरात करतात आणि तो मिळाला की जोर ओसरतो.

दुर्लक्षित प्रश्नांसाठी बाउंटी हा उपाय मला सगळ्यात पटतो. प्रश्नाला दोन दिवस झाले, की आपले ५० ते ५०० गुण बक्षीस म्हणून लावता येतात. उत्तर मिळालं नाही तरी ते परत मिळत नाहीत, म्हणून ज्याला खरंच गरज आहे तोच लावतो.